जुन्या एंजिनांचे उपासक

मनुष्य ज्या वस्तू भक्तीनें जपतो त्यांची यादी केली, तर तींत देवादिकांच्या मूर्तींपासून जुन्या नाण्यांपर्यंत आणि ताम्रपटांपासून मोडक्या तोफांपर्यंत सर्व कांहीं सांपडेल. परंतु तेलानें माखलेलें, एका जागीं बसून धापा टाकणारें ओबडधोबड एंजिन हाही कोणाच्या भक्तीचा विषय होऊं शकेल, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षितांस प्रथमदर्शनीं विनोदाचीच वाटेल. शिवकालीन कागद जपणारा गृहस्थ आपल्या आदरास पात्र होतो. पेशवाईंतील पगडी जपणाराचेंही आपण कौतुक करतों. पण पाऊणशें वर्षांपूर्वींचें पिठाच्या गिरणीचें एंजिन कोणीं परसांत आणून ठेवलें, महिनोन्‌महिने त्याचा गंज खरवडला आणि एके दिवशीं तें चालूं झालें म्हणून गल्लींत पेढे वांटले, तर शेजारीपाजारी त्याच्या डोक्याविषयीं शंका घेऊं लागतील. आणि तरीही इंग्लंड, जर्मनी, अमेरिका ह्या देशांत अशा उपासकांचा एक पंथच निर्माण झालेला आहे. त्याच्या जत्रा भरतात, त्याचीं नियतकालिकें निघतात, त्याचे आपसांतले वादही असतात. ह्या पंथाचा थोडासा इतिहास सांगून त्यानें आपणांपुढें टाकलेल्या एका प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

यंत्राच्या वाट्यास असा आदर सहसा येत नाहीं, ह्याचें कारण यंत्राच्या स्वभावांतच आहे. देऊळ पडकें झालें तरी देऊळच राहतें. पोथी कोणी वाचली नाहीं तरी ती पोथीच असते. यंत्राची किंमत मात्र त्याच्या कामावरून ठरते, आणि अधिक चांगलें यंत्र निघालें कीं त्याच क्षणीं पहिल्याची अडगळ होते. शिवाय तें ज्या धातूचें घडलेलें असतें तो वितळवून पुन्हां वापरतां येतो. म्हणजे नव्या यंत्राचें पोट भरण्यासाठीं जुन्याचाच बळी पडतो. थॉमस न्यूकमेन ह्या डार्टमथच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानें १७१२ सालीं डडलीच्या किल्ल्याजवळील कोळशाच्या खाणीवर पाणी उपसणारें पहिलें यशस्वी वाफेचें एंजिन उभारलें. नळकांड्यांत वाफ भरावयाची, थंड पाण्याचा फवारा सोडून ती आटवावयाची, आणि आंत पोकळी झाल्यामुळें बाहेरच्या हवेच्या दाबानें दट्ट्या खालीं गेला, म्हणजे वरच्या प्रचंड तुळईचें दुसरें टोंक वर जाऊन खाणींतील पंपाचा दांडा उचलला जावयाचा, अशी त्याची रचना होती. पुढील शतकभरांत अशीं शेंकडों एंजिनें झालीं. त्यांपैकीं आज उरलेलीं हातांच्या बोटांवर मोजतां येतील.

जीं थोडीं वांचलीं तीं कोणा ना कोणा हट्टी मनुष्यामुळें वांचलीं. लंडनच्या पेटंट कचेरींत बेनेट वुडक्रॉफ्ट नांवाचा एक अधिकारी होता. पेटंटाचे कागद सांभाळतां सांभाळतां, ज्या यंत्रांवर ते कागद झाले तीं यंत्रेंच भट्टींत चाललीं आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें. स्टीफन्सन पितापुत्रांचें १८२९ सालचें ‘रॉकेट’ आणि त्याहूनही जुनें ‘पफिंग बिली’ हीं आगगाडीचीं दोन एंजिनें १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत त्याच्या खटपटीनेंच पेटंट कचेरीच्या संग्रहालयांत आलीं. जेम्स वॅटच्या बाबतींत दैवानेंच कृपा केली. १८१९ सालीं वॅट वारला, आणि बर्मिंगहॅमजवळील त्याच्या घराच्या माळ्यावरची काम करण्याची खोली जशीच्या तशी कुलूप लावून ठेवण्यांत आली. शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९२४ सालीं, ती खोली आंतील हत्यारांसह लंडनच्या विज्ञानसंग्रहालयांत हलविली गेली.

वॅटच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं त्या निमित्तानें १९१९ सालीं बर्मिंगहॅम येथें अभ्यासक जमले होते. त्यांच्या विचारविनिमयांतून पुढील वर्षीं लंडनमध्यें न्यूकमेन सोसायटी निघाली. यंत्रविद्येच्या इतिहासाचा पद्धतशीर अभ्यास व्हावा हा तिचा उद्देश होता. पण अभ्यास करणें वेगळें आणि कित्येक टन लोखंड विकत घेऊन सांभाळणें वेगळें. लँकेशायरमध्यें अ‍ॅश्टन गांवाजवळ न्यूकमेनच्या धर्तीचें एक एंजिन, काम थांबल्यावर सुमारें शंभर वर्षें, ऊनपाऊस सोशीत उघड्यावर उभें होतें. तुळईच्या डुलण्यावरून लोकांनीं त्यास ‘फेअरबॉटम बॉब्स’ असें लाडकें नांव दिलें होतें. नांव दिलें, पण छप्पर कोणीं घातलें नाहीं. शेवटीं १९२९ च्या सुमारास अमेरिकेच्या हेन्री फोर्डनें तें मागून घेतलें आणि समुद्रापार नेऊन डिअरबॉर्न येथील आपल्या संग्रहालयांत उभें केलें. ज्या मनुष्यानें लक्षावधि मोटारी एकाच सांच्यांतून काढून जुन्या हस्तकौशल्यास रजा दिली, त्यासच त्या कौशल्याचे अवशेष गोळा करण्याचा ध्यास लागावा, हा योगायोग मौजेचा खराच.

खाणीवरचें एंजिन खाणीवरच राहिलें पाहिजे, आणि तें वांचविण्यासाठीं त्या भागांतील लोकांनींच पुढें आलें पाहिजे, ही जाणीव प्रथम ठळकपणें दिसली ती कॉर्नवॉलमध्यें. तेथें अगदीं समुद्राच्या कड्यावर लेव्हंट नांवाची तांब्याची व कथलाची खाण आहे. तिच्यावर खनिज वर ओढून काढणारें १८४० सालचें वाफेचें एंजिन होतें. १९३० सालीं खाण बंद पडली, आणि एंजिन मोडींत जाणार हें दिसूं लागलें. तेव्हां १९३५ सालीं त्या भागांतल्या कांहीं मंडळींनीं समिति स्थापून वर्गणी जमविली आणि तें एंजिन वांचविलें. वांचविलें म्हणजे जागेवर राहूं दिलें, एवढेंच; चालविण्याचें बळ त्या वेळीं कोणाजवळ नव्हतें. साठ वर्षें तें मुकें उभें होतें. पुढें स्वयंसेवकांनीं कित्येक वर्षें खपून १९९३ सालीं तें पुन्हां वाफेवर चालविलें. ज्या खाणकामगारांच्या आजोबांनीं त्या एंजिनाच्या इशाऱ्यावर दिवस काढले, त्यांच्या नातवंडांनीं त्याचा आवाज प्रथमच ऐकला असेल!

येथवरच्या कथेंतील पात्रें अधिकारी, धनिक आणि अभ्यासक अशीं होतीं. सामान्य माणसांचा शिरकाव ह्या पंथांत झाला तो एका पैजेमुळें. इंग्लंडांतील शेतकरी पूर्वीं मळणीयंत्र ओढण्यास आणि फिरविण्यास रस्त्यावरून चालणारीं वाफेचीं अवजड एंजिनें वापरीत. ट्रॅक्टर आल्यावर तीं कवडीमोल झालीं, आणि महायुद्धाच्या काळांत लोखंडाची टंचाई पडल्यानें किती तरी मोडींत गेलीं. १९५० सालीं अ‍ॅपलफर्ड गांवच्या आर्थर नॅपर नांवाच्या शेतकऱ्यानें आपल्या एका स्नेह्याशीं पैज मारली, कीं माझें एंजिन तुझ्या एंजिनाच्या पुढें धांवेल. पैज एका पिंपभर बीअरची होती. शर्यत झाली, नॅपरचें ‘ओल्ड टायमर’ जिंकलें, आणि ही खबर वर्तमानपत्रांत जातांच पुढील वर्षांपासून अशा शर्यती पाहण्यास लोकांची रीघ लागली. ब्रिटनमध्यें आज उन्हाळ्यांत ठिकठिकाणीं एंजिनांच्या ज्या जत्रा भरतात त्यांचें मूळ ह्या पिंपांत आहे. त्याच १९५० सालीं अमेरिकेंत आयोवा प्रांतांतील माउंट प्लेझंट येथें जुन्या मळणीवाल्यांचा मेळावा भरला, आणि तोही पुढें वार्षिक होऊन बसला. दोन्हींकडे कारण एकच होतें. जी पिढी ह्या एंजिनांवर वाढली ती अद्याप हयात होती, आणि आपण शिकलेली विद्या आपल्या डोळ्यांदेखत निरुपयोगी झाल्याचें शल्य तिच्या मनांत होतें.

वाफेच्या मागोमाग तेलाच्या आणि ग्यासच्या एंजिनांचाही नंबर लागला. पेन्सिल्व्हेनियांत कूलस्प्रिंग येथें १९८५ पासून अशा एंजिनांचें एक मोठें संग्रहालय आहे. तीं नुसतीं मांडलेलीं नाहींत. ठराविक दिवशीं तीं चालवून दाखवितात. अशा ठिकाणीं जाणारा मनुष्य प्रथम ऐकतो आणि मग पाहतो. जुन्या शेतकी एंजिनांत एक जात अशी आहे, कीं वेग ठराविक मर्यादेवर गेला म्हणजे तिचा नियामक बाहेर जाण्याची झडप उघडी धरून ठेवतो. त्या वेळीं आंत स्फोट होत नाहीं, नुसतीं जड चाकें आपल्या गतीनें फिरत राहतात आणि एंजिन सुस्कारे टाकल्याप्रमाणें आवाज करतें. वेग उतरला कीं पुन्हां एक ठोका पडतो. जाणत्या माणसास नुसत्या आवाजावरून त्यावरील भार कळतो, आणि कोठें कांहीं बिघडलें असेल तर तेंही कळतें. वैद्यानें नाडी पाहावी तसा हा प्रकार आहे. आणि नाडी पाहण्याची विद्या पुस्तकावरून येत नाहीं, त्याप्रमाणें हीही येत नाहीं.

येथें ह्या पंथांतील मुख्य वादाकडे आपण येतों. जुनें एंजिन चालवावें कीं नुसतें ठेवावें? चालविलें कीं तें झिजतें, आणि झिजलेला भाग बदलला कीं तितकें तें जुनें राहत नाहीं. ‘रॉकेट’ पुन्हां चालविण्याचा विचार संग्रहालयानें केला नाहीं; लोकांस दाखविण्यासाठीं १९७९ सालीं त्याची चालती प्रतिकृति तयार करण्यांत आली. मूळ एंजिन न छेडल्यामुळेंच त्याच्या अंगावरील खुणा वाचतां आल्या, आणि त्याच्या मालकांनीं त्यांत वेळोवेळीं कोणते फेरफार केले हें समजलें. तेव्हां न चालविणाऱ्यांचा पक्ष पोकळ आहे असें नाहीं. परंतु दुसऱ्या बाजूस विल्टशायरमधील क्रॉफ्टन येथील कालव्यावरचें १८१२ सालचें बोल्टन आणि वॅट यांचें एंजिन आहे. तें आपल्या मूळच्या जागीं राहून मूळचेंच काम, म्हणजे कालव्याच्या सर्वांत उंच भागांत पाणी चढविण्याचें काम, आजही करूं शकतें. रोजचें काम विजेच्या पंपांकडे गेलें आहे. पण १९७० सालीं स्वयंसेवकांनीं हें एंजिन दुरुस्त केलें तेव्हांपासून वर्षांतून कांहीं दिवस बॉयलरखालीं कोळसा पेटतो. त्यांचेंच १७७९ सालचें स्मेथविक येथील एंजिन बर्मिंगहॅमच्या संग्रहालयांत आहे, आणि चालूं शकणाऱ्या वाफेच्या एंजिनांत तें जगांत सर्वांत जुनें मानलें जातें. अशा एंजिनापाशीं उभें राहून काम करणारास ज्या गोष्टी कळतात त्या कांचेबाहेरून कळत नाहींत. विस्तव किती ठेवावा, झडप केव्हां हातानें सोडावी, तेलाचा थेंब कोठें आणि किती वेळानें पडला पाहिजे, हें सर्व ज्ञान जुन्या कारागिरांच्या बोटांत होतें. तें त्यांनीं लिहून ठेवलें नाहीं. कारण लिहिण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें त्यांस वाटलेंच नाहीं. लोखंड टिकलें आणि ही विद्या गेली, तर शिल्लक राहतें तें यंत्राचें कलेवर.

आतां डिझेलकडे वळूं; कारण ह्या प्रश्नाचा आपल्या देशाशीं जो संबंध पोहोंचतो तो त्याच्याच वाटेनें पोहोंचतो. रुडॉल्फ डिझेल १८५८ सालीं पॅरिसमध्यें एका बव्हेरियन कारागिराच्या घरीं जन्मला. १८७० च्या युद्धामुळें त्या कुटुंबास पॅरिस सोडावें लागलें. पुढें म्युनिक येथें शिकत असतां, वाफेचें एंजिन कोळशांतील उष्णतेचा अगदीं थोडा हिस्सा कामास लावतें आणि बाकीची वायां घालवितें, हें त्याच्या मनास लागून राहिलें. नळकांड्यांतील हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच तापून लाल होण्याजोगी व्हावी, आणि मग तींत तेल सोडतांच तें ठिणगीवांचून पेटावें, ही त्याची कल्पना. १८९२ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. १० ऑगस्ट १८९३ रोजीं ऑग्सबर्गच्या कारखान्यांत पहिली चांचणी झाली तेव्हां स्फोटानें दाब मोजण्याचें उपकरणच फुटून उडालें. पण हवेच्या उष्णतेनें तेल पेटतें हें त्या अपघातानेंच सिद्ध केलें. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं एंजिन स्वतःच्या बळावर सुमारें एक मिनिट चाललें. आणखी तीन वर्षें गेलीं, आणि फेब्रुवारी १८९७ मध्यें प्राध्यापक श्रोटर यांनीं केलेल्या रीतसर परीक्षेंत त्यानें इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६·२ भागाचें काम करून दाखविलें. त्या काळच्या कोणत्याही एंजिनास हें साधलें नव्हतें. तें एंजिन म्युनिकच्या संग्रहालयांत आहे; आणि त्याच वर्षीं ग्लासगोंत मिर्लीज कंपनीनें केलेलें, ब्रिटनमधील पहिलें डिझेल एंजिन चेशायरमधील पॉइंटन येथील एंजिन-संग्रहालयांत जपलेलें आहे.

डिझेलच्या चरित्रांतील एक गोष्ट सामान्यतः सांगितली जात नाहीं, आणि आम्हांस तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यास नुसतें काटकसरीचें एंजिन नको होतें. वाफेचें एंजिन मोठ्या कारखानदारासच परवडतें, त्यामुळें सुतार, लोहार, विणकर असा स्वतंत्र कारागीर बुडतो. त्याच्या घरांत मावेल असें लहान एंजिन त्यास मिळालें तर तो पुन्हां आपल्या पायांवर उभा राहील, अशी त्याची आशा होती. समाजरचनेवर त्यानें १९०३ सालीं एक पुस्तकही लिहिलें. पण त्याच्या हयातींत ही आशा फळली नाहीं. आरंभींचीं डिझेल एंजिनें उंचच उंच आणि महाग होतीं. तेल आंत फवारण्यास अतिशय दाबलेली हवा लागे, आणि ती दाबण्यास निराळा जोडपंप लागे. त्यामुळें तीं गेलीं मोठ्या कारखान्यांत, वीजघरांत आणि जहाजांत. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडास जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून डिझेल नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत समुद्रांत सांपडलें. ज्या कारागिरासाठीं त्यानें हा खटाटोप केला, त्याच्या हातांत त्याचें एंजिन तोंवर आलेलेंच नव्हतें.

तें आलें पुढच्या पिढींत. हवेच्या मदतीवांचून नुसत्या पंपानें तेल फवारण्याची युक्ति साधली, आणि १९२० नंतरच्या दशकांत असे पंप कारखान्यांत मोठ्या संख्येनें होऊं लागले. मग एंजिन लहान आणि स्वस्त होण्यास अडचण उरली नाहीं. १९३० च्या सुमारास इंग्लंडांत ग्लॉस्टरशायरमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीनें पांच अश्वशक्तीचें एक एंजिन बाजारांत आणलें. एक नळकांडें, दोहों बाजूंस दोन जड चाकें, मिनिटास अवघे ६०० फेरे, आणि आधीं दिव्यानें तापविण्याची गरज न पडतां थंडच सुरू होण्याचा गुण. त्यांत झांकलेलें, समजण्यास कठीण असें कांहींही नव्हतें. पान्याचा संच असलेला, नीट पाहणारा मनुष्य तें उलगडून पुन्हां जोडूं शके. डर्स्लींत ह्या जातीचीं एंजिनें १९८७ पर्यंत होत राहिलीं.

आपल्या देशांत पाहून घडविण्याची परंपरा ह्याहून पुष्कळ जुनी आहे. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें पाद्री कॅरे यांच्या कागदाच्या गिरणीसाठीं १८२० सालीं विलायतेहून वाफेचें एंजिन आलें होतें. तें पाहून टिटागडच्या गोलकचंद्र नांवाच्या लोहारानें, कोणाही गोऱ्या कारागिराच्या साहाय्यावांचून, स्वतः एक वाफेचें एंजिन बनविलें आणि जानेवारी १८२८ मध्यें कलकत्त्याच्या शेतकी मंडळाच्या प्रदर्शनांत तें मांडून ५० रुपयांचें बक्षीस मिळविलें. मुंबईंत गोदीच्या प्रसिद्ध वाडिया घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजी यांनीं १८३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आपल्या हातांनीं एक अश्वशक्तीचें एंजिन तयार केलें. १८३४ सालीं माझगांवचें आपलें घर ग्यासच्या दिव्यांनीं उजळलें. आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद होण्याचा मान मिळविला. अर्देशीरांचें नांव निदान इतिहासांत राहिलें. गोलकचंद्राचें नांव एका अहवालांतील चार ओळींपुरतें उरलें, आणि त्याचें एंजिन कोणीं जपून ठेवलें नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या विद्येचें पीक नांगराच्या मागोमाग आलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि लोखंडी नांगर, चरक, पंप अशीं शेतकऱ्याच्या उपयोगाचीं साधनें केलीं. सातारारोड येथील कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांत डिझेल एंजिनें होऊं लागलीं; देशांत तयार झालेल्या अगदीं आरंभींच्या डिझेल एंजिनांत त्यांची गणना होते. १९४६ सालीं शंतनुराव किर्लोस्करांच्या नेतृत्वाखालीं पुण्याजवळ खडकी येथें केवळ तेलाच्या एंजिनांचा कारखाना निघाला. मग ज्या विहिरीवर चार बैलांची मोट पहाटेपासून कुरकुरत असे, तेथें एंजिनाचा ठोका ऐकूं येऊं लागला. गुऱ्हाळावरचा चरक त्यानें फिरविला. जात्याशीं पहाटे उठून बसणाऱ्या बायकांचे हात त्यानें सोडविले. ज्यांचें बाळपण खेड्यांत गेलें त्यांस गिरणी चालूं झाली हें सांगावें लागत नसे. गांवच्या एका टोंकाकडून येणारा तो एकसारखा ठोका ऐकून दळणाचे डबे डोक्यावर निघत. त्या गिरणीचा मालक कोणी मोठा भांडवलवाला नव्हता. एक एंजिन, एक पट्टा आणि दगडांची एक जोडी एवढाच त्याचा संसार. डिझेलनें ज्याचें स्वप्न पाहिलें तो स्वतंत्र लहान कारागीर जर्मनींत किती प्रमाणांत उभा राहिला हें असो. आमच्या खेड्यांत तो उभा राहिला होता. त्याचा जिवाभावाचा सोबती म्हणजे पंचक्रोशींतला मिस्त्री. त्यास इंग्रजी येत नसे, पण नुसतें नळीच्या तोंडाशीं येणाऱ्या धुराचा रंग पाहून तो दोष सांगे.

ह्या कथेचा शेवटचा भाग काठेवाडांत घडला. राजकोटच्या लहानमोठ्या कारखान्यांनीं लिस्टरच्या त्या जुन्या एंजिनाच्या हुबेहूब प्रतिकृति काढण्यास आरंभ केला, आणि डर्स्लींतील भट्ट्या विझल्यावरही राजकोटचें काम चालूच राहिलें. मग विलायतेंत आणि अमेरिकेंत ज्यांस हें एंजिन हवें होतें त्या उपासकांनीं आपली मागणी राजकोटकडे वळविली. त्यांनीं ह्या प्रतिकृतींस ‘लिस्टरॉइड’ असें नांव दिलें. पेटींतून एंजिन आलें कीं तें संपूर्ण उलगडावयाचें, ओतकामांत राहिलेली वाळू धुवून काढावयाची, एकेक भाग घांसून बसवावयाचा आणि मग तें चालवावयाचें, हा त्यांच्या आनंदाचा भाग झाला. प्रदूषणाच्या नियमांनीं पुढें अमेरिकेंतील ही आयात आवळली गेली. त्यांतील पुष्कळांनीं तीं एंजिनें खाद्यतेलावर चालविलीं. ह्यांतही नवल नाहीं; १९०० सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत एक लहान डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलेंच होतें. तेव्हां गोष्ट अशी झाली, कीं जें एंजिन पश्चिमेकडे केवळ छंदाची वस्तु झालें तें आमच्याकडे पोटासाठीं राबत होतें, आणि राबत होतें म्हणूनच तें घडविण्याची विद्या येथें जिवंत होती. तिकडे त्यांनीं प्रेमानें जपलें. इकडे आम्हीं गरजेनें जपलें.

ह्या उपासनेवर एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ज्या एंजिनांची हे लोक आरती करतात त्यांनीं माणसें खाल्लीं आहेत. वर ज्या लेव्हंट खाणीचा उल्लेख आला तेथेंच कामगारांना खालींवर नेणारें दुसरें एक यंत्र होतें. उंच दांड्याला पायऱ्या बसविलेल्या असत, दांडा वरखालीं होई, आणि मनुष्य एका पायरीवरून दुसरीवर पाऊल टाकीत चढे. २० ऑक्टोबर १९१९ रोजीं त्याच्या माथ्याशीं असलेला जोड तुटला आणि ३१ कामगार प्राणांस मुकले. आमच्या गिरण्यांत उघड्या पट्ट्यांजवळ वावरतांना धोतराचा सोगा वा पदर अडकण्याचें भय असेच. धुरानें कोंदलेल्या खोलींत आयुष्य काढलेला गिरणीवाला खोकत असे, हेंही खोटें नव्हे. चकचकीत पितळ आणि तालबद्ध ठोका यांच्या मोहांत हें विसरलें गेलें, तर ती उपासना आंधळी होय. परंतु यंत्र वितळवून टाकल्यानें हा हिशेब फिटत नाहीं. उलट पुरावाच नाहींसा होतो. लेव्हंटचें एंजिन चालूं पाहणाऱ्या प्रवाशास त्या ३१ जणांची कथा त्याच जागेवर सांगतां येते. एंजिन नसतें तर त्या कड्यावर थांबून ती कथा ऐकण्यास कोण गेलें असतें?

आपल्याकडे आगगाडीच्या एंजिनांचें नशीब थोडें बरें आहे. १८५५ सालचें ‘फेअरी क्वीन’ दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयानें सांभाळलें, आणि १९९७ सालीं तें दुरुस्त होऊन पुन्हां रुळांवर धांवलें. परंतु विहिरीवरच्या, गुऱ्हाळावरच्या, पिठाच्या गिरणींतल्या एंजिनास असा कोणी वाली नाहीं. गांवोगांव वीज आली, मोटार बसली, आणि एंजिन प्रथम कोपऱ्यांत, मग गोठ्याच्या आडोशास आणि शेवटीं भंगारवाल्याच्या काट्यावर गेलें. वीज आली ही इष्टच गोष्ट झाली. मोटेवर पाठ मोडून घेतलेल्या शेतकऱ्यास एंजिनानें जी सुटका दिली, तीच एंजिनाला हँडल मारून दमलेल्या त्याच्या मुलास विजेनें दिली. जुनें परत आणा असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि एंजिनाबरोबर दुसरीही एक वस्तु जात आहे. आपण वापरतों तें यंत्र आपणांस आरपार कळतें, बिघडलें तर आपण तें उलगडूं शकतों, हा जो आत्मविश्वास त्या मिस्त्रीजवळ होता, तो आजच्या बंद डब्यांतल्या यंत्रांपुढें उभ्या असलेल्या सुशिक्षितासही राहिलेला नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. त्यासाठीं भव्य इमारत नको कीं मोठें अनुदान नको. तालुक्याच्या एखाद्या शेतकी शाळेनें वा औद्योगिक शिक्षणाच्या संस्थेनें एक जुनें एंजिन भंगाराच्या भावानें विकत घ्यावें, आणि तें कांचेआड न ठेवतां विद्यार्थ्यांकडून वर्षांतून चार वेळां चालवून घ्यावें. त्याहून निकडीचें काम वहीपेन्सिलीचें आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर ह्या भागांत असे मिस्त्री अजून भेटतील, कीं ज्यांनीं उमेदीचीं वर्षें ह्या एंजिनांपाशीं घालविलीं. धुराचा कोणता रंग काय सांगतो, झडप बसली कीं नाहीं हें अंगठ्यानें कसें ओळखावें, ठोका चुकला तर प्रथम कोठें हात घालावा, हें त्यांच्याजवळ बसून कोणी तरी विचारून घेतलें पाहिजे. कोणत्या भागास त्यांनीं कोणतें मराठी नांव दिलें होतें तेंही टिपलें पाहिजे. कारण त्या नांवांपैकीं पुष्कळशीं कोणत्याही कोशांत नाहींत. लोखंड गंजावयास वेळ लागतो. माणसाच्या आयुष्यास तेवढा अवधि नसतो, आणि गोलकचंद्राविषयीं चार ओळींपलीकडे आपणांस कांहीं कां ठाऊक नाहीं, ह्याचें उत्तरही तेंच आहे: त्याच्या हयातींत त्यास कोणीं विचारलें नाहीं.